पहारेकऱ्याशिवाय स्थिर व्होल्टेज

मोबाइलच्या चार्जरमध्ये एक पहारेकरी बसलेला असतो. बाहेर पडणारे व्होल्टेज तो सतत तपासतो. कमी झाले तर वाढवतो, वाढले तर आवरतो. या व्यवस्थेला प्रत्याभरण म्हणतात. हा पहारेकरी काढून टाकला तर व्होल्टेज टिकेल का? हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा. तो चार्जर व इन्व्हर्टर दुरुस्त करतो. मी कलाशाखेची विद्यार्थिनी, आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. त्याला कळेल अशा मराठीत उत्तर देता येत नसेल, तर माझ्या शिकण्याचा घराला उपयोग काय? म्हणून हा लेख.

उत्तर असे : टिकेल, पण अटीवर.

वारंवारता वाढली की कॉइलचा विरोध वाढतो आणि कपॅसिटरचा घटतो. दोघांचे परिणाम परस्परांच्या उलट असतात. त्यांना एकापुढे एक जोडले, तर एका ठराविक वारंवारतेला दोन्ही विरोध समान होऊन एकमेकांना खोडून काढतात. यालाच अनुनाद म्हणतात. झोपाळ्याला त्याच्याच लयीत झोका दिला की थोड्या जोरात तो चालत राहतो, तसेच हे.

समजा, कॉइल २५ मायक्रोहेन्रीची आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा आहे. त्यांची लय सुमारे १०० किलोहर्ट्झ येते. चार स्विच ४८ व्होल्टचा पुरवठा याच लयीत उलटसुलट करून, या जोडीतून, ४:१ च्या ट्रान्सफॉर्मरला देतात. पलीकडे डायोड त्याला पुन्हा एकदिश करतात. जोडीचा विरोध जवळजवळ शून्य असल्याने बाहेर १२ व्होल्ट मिळतात. भार बदलला तरी हे गुणोत्तर फारसे बदलत नाही.

मर्यादाही आहेत. तारा व स्विच यांचा रोध उरतोच. तो बाहेरच्या बाजूने १० मिलिओहम धरला, तर २० अँपिअरला ०.२ व्होल्ट कमी पडतील. तसेच आत ४४ व्होल्ट आले तर बाहेर ११ च मिळतील. दुरुस्त करणारे कोणी नाही.

मग असा कन्व्हर्टर कुठे चालतो? मोठ्या संगणक केंद्रांत. गूगलने २०१६ साली ओपन कंप्युट प्रोजेक्टमध्ये ४८ व्होल्टच्या रॅकचा आराखडा मांडला. १२ ऐवजी ४८ व्होल्टने वीज नेली की प्रवाह चौथाई होतो आणि त्याच तारेतील नासाडी सोळाव्या हिश्श्यावर येते. तिथे ४८ चे १२ करण्याचे काम अशा मोकळ्या कन्व्हर्टरवर सोपवता येते. प्रोसेसरला लागणारे सुमारे १ व्होल्ट मात्र शेवटच्या कन्व्हर्टरकडून, प्रत्याभरणासह, काटेकोर मिळते. एकदाच आणि योग्य जागी पहारा ठेवल्याने भाग कमी लागतात.

आता कारागिरांसाठी महत्त्वाचे. साध्या पुरवठ्यात गाळणीचा कपॅसिटर थोडा मोठा बसवला तरी बहुधा निभावते. इथे ०.१ च्या जागी ०.२२ बसवला, तर जोडीची लय ६८ किलोहर्ट्झच्या आसपास उतरेल; स्विच मात्र १०० वरच चालत राहतील. भार चढताच व्होल्टेज कोसळेल. माप तेच हवे आणि जातही तीच हवी. शिवाय अनुनादाच्या वेळी विरोध नसल्यामुळे बाहेर शॉर्ट झाल्यास प्रवाह भयंकर वाढतो. त्यामुळे व्होल्टेजचा पहारेकरी नसला तरी जादा प्रवाह तोडणारे संरक्षण कधीही काढू नये.