विश्लेषण : रग्बी लीगमधील सर्वोत्तम खेळाडू कसा ठरतो? ‘डॅली एम’ पदकावरून दरवर्षी वाद का होतो?

ऑस्ट्रेलियातील नॅशनल रग्बी लीग (एनआरएल) या स्पर्धेत हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला ‘डॅली एम’ पदक दिले जाते. २०२३ मध्ये न्यूकॅसल नाइट्सच्या कॅलिन पाँगाने ५६ गुणांसह ते जिंकले. न्यूझीलंड वॉरियर्सचा शॉन जॉन्सन ५५ गुणांवर अडला. महिनोन् महिने चाललेल्या हंगामाचा निकाल एका गुणाने लागल्याने हे गुण देतो कोण आणि कसे, याची चर्चा पुन्हा रंगली.

पदकाला कोणाचे नाव?

हर्बर्ट हेन्री मेसेंजर ऊर्फ ‘डॅली’ हा सिडनीचा खेळाडू. ‘एम’ हे त्याच्या आडनावाचे आद्याक्षर. रग्बी लीग हा रग्बीचा १३ खेळाडूंचा प्रकार. मजुरी बुडवून खेळणाऱ्या कामगार खेळाडूंना भरपाई द्यावी की नाही, या वादातून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लब वेगळे झाले आणि त्यातून हा खेळ उभा राहिला. ऑस्ट्रेलियात १९०७ मध्ये तेव्हाचा लोकप्रिय खेळाडू मेसेंजर नव्या गटाला येऊन मिळाला आणि खेळाला प्रेक्षक मिळाले. त्याच्या नावाचे पदक १९८० पासून दिले जाऊ लागले. त्याआधी १९६८ पासून ‘रॉथमन्स पदक’ होते. एका सिगारेट कंपनीचे नाव असलेल्या त्या पदकासाठी सामन्यातील पंच मतदान करत.

गुण कसे मिळतात?

साखळी फेरीतील प्रत्येक सामन्यानंतर परीक्षक सर्वोत्तम तीन खेळाडूंना अनुक्रमे ३, २ आणि १ गुण देतात. माजी खेळाडू आणि समालोचक हे काम करतात. २०२२ पर्यंत एका सामन्याला एकच परीक्षक असे. एकाच व्यक्तीच्या मतावर सारे अवलंबून राहते, अशी टीका होत असल्याने २०२३ पासून दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देऊ लागले. त्यामुळे एका सामन्यात खेळाडूला कमाल ६ गुण मिळू शकतात. साहजिकच २०२२ मध्ये निको हाइन्सने मिळवलेले विक्रमी ३८ गुण आणि पाँगाचे ५६ गुण यांची थेट तुलना करता येत नाही.

हंगामाच्या पूर्वार्धात गुण जाहीर होतात, नंतर ते गुप्त ठेवले जातात. सोहळ्याच्या रात्री उरलेल्या फेऱ्यांचे गुण उलगडत जातात. बाद फेरीतील कामगिरी मोजली जात नाही. अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूसाठी ‘क्लाइव्ह चर्चिल पदक’ वेगळे आहे.

मुख्य आक्षेप कोणता?

२०१८ ते २०२५ या आठ हंगामांत पाच वेळा पदक फुलबॅककडे गेले. जेम्स टेडेस्कोने तर ते दोनदा (२०१९, २०२५) पटकावले. उरलेली तीन पदके हाफबॅक आणि फाइव्ह-एट यांना मिळाली. म्हणजे ज्यांच्या हातात चेंडू सर्वाधिक असतो, जे पास देतात, बचाव भेदून धावतात, तेच परीक्षकांच्या नजरेत भरतात. अंगावर टक्कर झेलत मीटर-मीटर पुढे सरकणारे आणि सामन्यात ३०-४० टॅकल करणारे फॉरवर्ड मागे राहतात. २०१६ मध्ये जेसन टॉमालोलोने हे पदक मिळवले, तेही कूपर क्रॉन्कसोबत विभागून. प्रत्येक सामन्यात फक्त तिघांनाच गुण मिळत असल्याने सातत्याने ‘चौथा’ ठरणारा खेळाडू हंगामाअखेरीस शून्यावरच राहतो. परीक्षक दोन केले तरी हा दोष सुटत नाही.

इंग्लंडमध्ये काय पद्धत?

तेथील सुपर लीगचा ‘मॅन ऑफ स्टील’ पुरस्कार १९७७ पासूनचा. कर्करोगाशी झुंज देत समाजकार्यासाठी निधी उभारणारा माजी खेळाडू स्टीव्ह प्रेस्कॉट २०१३ मध्ये निवर्तला. त्यानंतर पुरस्काराला त्याचे नाव जोडले गेले. तेथे काही वर्षे खेळाडूच मतदान करत. पुढे तेथेही माजी खेळाडूंच्या समितीने सामनानिहाय ३-२-१ गुण देण्याची पद्धत आली. खेळाडूंना आपल्यातल्या मेहनती फॉरवर्डची किंमत कळते. पण त्यांचे मत मैत्री आणि प्रतिमेने झुकू शकते. सामनानिहाय गुणांत हिशेब स्पष्ट राहतो, पण न दिसणारे काम निसटते.

खेळाडूंचे यावर नियंत्रण किती?

निवडीत नाही, पण सोहळा त्यांच्याशिवाय होत नाही. २००३ मध्ये वेतन आणि सेवाशर्तींच्या करारावरून खेळाडूंनी बहिष्कार टाकला आणि सोहळाच रद्द झाला. मतांनुसार पेन्रिथचा क्रेग गॉवर आघाडीवर होता, हे नंतर समोर आले. पण झगमगाटात पदक स्वीकारण्याची ती रात्र त्याच्या वाट्याला आली नाही. २०२३ मध्येही करार रखडल्याने खेळाडूंनी सामन्याच्या दिवशी माध्यमांशी बोलणे थांबवले होते. मोबदल्याच्या वादातून जन्मलेल्या खेळात सर्वोच्च सन्मानाची रात्रही त्या वादापासून दूर राहिलेली नाही.