मोबाइल समजून घेताना (भाग ७) : सिम बदललं की नेट वाढतं का?

"सिम अपग्रेड करून घ्या, नेट सुसाट चालेल," असं मोबाइलच्या दुकानात सर्रास सांगतात. कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात हा सल्ला मानावा का? कार्ड खरंच जुन्या पिढीचं असेल, तर आजच मानावा. बाकीच्यांचा हेलपाटा वाया जाईल.

सिमचं मुख्य काम ओळख पटवणं. त्यात तुमचा ग्राहक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते; तीच किल्ली कंपनीकडेही असते. दोन्हींचा मेळ बसला की सेवा सुरू. पुढे फोटो, व्हिडिओ, यूपीआय हा सगळा डेटा फोनच्या मोडेम-अँटेनातून जातो, सिममधून नाही. रेशनकार्ड नवं काढलं म्हणून दुकानात धान्य जास्त येत नाही, तसंच हे.

अपवाद टूजीच्या काळातल्या कार्डांचा. त्यांची ओळख पटवण्याची पद्धत जुनी आणि कच्ची; फोरजीचं जाळं ती सुरक्षेपायी स्वीकारतच नाही. फोन कितीही भारी घ्या, तो टूजी-थ्रीजीवरच अडकून राहतो. वर्षानुवर्षं एकच नंबर सांभाळणाऱ्या बीएसएनएलच्या ग्राहकांनी हे आधी तपासावं. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीचं उद्घाटन झालं. त्याचा लाभ जुन्या कार्डावर मिळणार नाही. जिओ मात्र २०१६ मध्ये सुरूच झाली ती फोरजीवर, त्यामुळे तिचं जुनं सिमही याच कारणासाठी बदलायला नको. फाइव्हजीला फोरजीचं सिम चालतं, असं जिओ आणि एअरटेल या दोघांनीही सांगितलं आहे.

मग नेट रखडतं कशानं? आधी फोनलाच विचारा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडा. काही फोनमध्ये वाट थोडी वेगळी असते. 'सिग्नल स्ट्रेंथ'समोर डीबीएममध्ये उणे आकडा दिसेल. फोरजीवर उणे ९० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली दुबळा. हा आकडा आधी टिनाच्या खोलीत बघा, मग अंगणात येऊन बघा. दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी-जास्त! टिनाचा पत्रा रेडिओलहरी अडवतो, त्यात सिमचा काय दोष? वावरातून ई-पीक पाहणीचा फोटो जात नसेल, तर तिथेही हाच आकडा पाहावा.

आकडा चांगला, तरी संध्याकाळी नेट रांगतं? तर टॉवरवर गर्दी आहे, किंवा टॉवरला मागून येणारी जोडणीच अपुरी आहे. ही जबाबदारी कंपनीची. खेड्यातल्या ग्राहकाला नवं सिम देऊन वाटेला लावणं मला अजिबात पटत नाही. पैसे तो शहराइतकेच भरतो. तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. कंपनी बदलायचीच असेल, तर शेजाऱ्याच्या फोनवर त्या कंपनीचा आकडा आपल्या घरात बघूनच बदला.

सिम बदलावंच लागलं, तर ते कंपनीच्या केंद्रातूनच घ्या. नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही; बँकेचं काम त्या दिवशी ठेवू नका. "तुमचं सिम अपग्रेड करतो, ओटीपी सांगा," असा फोन आला, तर तो ताबडतोब ठेवा. फसवणूक झालीच, तर १९३० वर लगेच कळवा.

पुढच्या आठवड्यात : दोन सिमच्या फोनमध्ये डेटा कोणत्या सिमवर ठेवावा?