श्वास न घेणारी गायिका

मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत गणपतीच्या मिरवणुकीत ज्याच्या तारा झणाणू लागल्या की अवघा रस्ता हालू लागतो, ते ‘बेंजो’ नावाचे वाद्य मूळचे जपानी आहे, हे नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. नागोयाच्या मोरिता गोरो या वादकाने १९१२ साली, म्हणजे तैशो राजवटीच्या आरंभी, टंकलेखन यंत्राच्या कळांसारख्या कळा तारांवर बसवून ‘तैशोगोतो’ निर्माण केले; ते समुद्रमार्गे हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झाले, आणि पुढे त्याला विजेची जोड मिळताच त्याने आमच्या गल्ल्यांचा रीतसर ताबा घेतला. जपानी यंत्राशी मुंबईचा संबंध असा जुना आहे. म्हणूनच त्याच देशातील यंत्रकंठाने गेल्या दोन दशकांत गायिलेल्या गीतांचा मागोवा उपनगरातील एका श्रोत्याने घेण्यात कोणाला विक्षिप्तपणा वाटू नये.

या विषयातील पहिला धडाही मुंबईनेच दिलेला आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आयुष्य घालविलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. यांपैकी टीबी-३०३ हे यंत्र बेस गिटारची नक्कल करण्यासाठी जन्मास आले होते. ती नक्कल त्याला साधली नाही आणि बाजारात ते पडले. परंतु त्याच्या चुळबुळत्या, चिकट स्वराला स्वतःचे असे काही सांगावयाचे होते, ते सिंग यांनी रागाच्या आरोहावरोहात ओळखले, आणि काही वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच स्वरावर नृत्यसंगीताचा एक नवा संप्रदाय उभा केला. तबकडीची मात्र त्या वेळी कोणी दखल घेतली नाही; २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झाले. नक्कल फसली तेथेच यंत्राची कला सुरू झाली, आणि पुढे ज्या गीतांविषयी लिहीत आहे ती मी याच कसोटीवर पारखली आहेत.

यामाहा कंपनीने बार्सेलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या साहाय्याने सिद्ध केलेली ‘वोकॅलॉइड’ ही गायनाची संगणकप्रणाली २००४ मध्ये विक्रीस आली. तिची रीत अशी की, जिवंत गायिकेकडून व्यंजन-स्वरांचे सारे सांधे ध्वनिमुद्रित करून घ्यावयाचे. मग संगीतकाराने संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक सुराची लहानमोठी पट्टी आखावयाची, तीत एकेक अक्षर भरावयाचे, आणि कंप किती, सूर कोठे किंचित उतरावयाचा, याचा तपशील हाताने ठरवावयाचा. आपल्या बाराखडीत वाढलेल्यास हे परके वाटू नये. जपानी अक्षरांचा क्रमदेखील बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनाच्या प्रभावाखाली घडलेला आहे. साप्पोरोच्या क्रिप्टन कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी फुजिता साकी या अभिनेत्रीच्या कंठातून घडविलेली ‘हात्सुने मिकु’ बाजारात आणली, तेव्हा मात्र तिला निळ्या-हिरव्या दोन लांब शेपट्यांचे रूप आणि सोळा वर्षांचे वयही दिले. शिवाय त्या रूपावर बिगरव्यापारी चित्रे-गीते रचण्याची जणू आम सनदच रसिकांना बहाल केली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऱ्यो या संगीतकाराचे, मिकुने गायिलेले ‘मेल्ट’ आले. प्रेमात पडलेल्या मुलीचे ते गोड गीत ऐतिहासिक खरे, परंतु ते कोणत्याही चांगल्या गायिकेने गायिले असते तरी चालले असते, आणि माझ्या मते तेच त्याचे उणेपण. याउलट वोवाका या तरुणाचे २०१० मधील ‘रोलिंग गर्ल’ ऐकावे. सारखी धडपडणारी, पुन्हा उठणारी मुलगी, तिच्यामागे धावणारा पियानो, आणि कोठेही उसंत न घेणारा तो कंठ! गीताचा शेवट श्वास रोखण्याच्या निश्चयापाशी होतो, आणि गाणारीला तर मुळात श्वासच नाही. यंत्राचे वैगुण्य आणि काव्याचा आशय इतके एकजीव झालेले मी अन्यत्र क्वचितच अनुभवले आहे. वोवाका पुढे स्वतःच्या वाद्यवृंदात स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला, आणि २०१९ मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तला.

२०११ चे ‘सेम्बोन्झाकुरा’, कुरोउसा या संगीतकाराचे, बेंजोच्या जन्मकाळाचा म्हणजे तैशो युगाचा वेष धारण करते. ते इतके रुळले की २०१५ च्या वर्षअखेरीच्या राष्ट्रीय संगीतसोहळ्यात कोबायाशी साचिको या ज्येष्ठ गायिकेने यंत्राचे गाणे मानवी गळ्यावर घेतले. त्याहून मोलाची घटना मला २०१२ ची वाटते. ऐंशी वर्षांचे इसाओ तोमिता, ज्यांनी १९७० च्या दशकात मूग या विजेवरच्या वाद्ययंत्रावर फ्रेंच संगीतकार देब्यूसी वाजविला होता, त्यांनी कवी-कथाकार मियाझावा केन्जीच्या साहित्यावर ‘इहातोव’ ही सिम्फनी रचून तीत मिकुला गाणारी म्हणून उभे केले, आणि यंत्राच्या ठेक्याबरहुकूम वाद्यवृंद न चालविता संचालकाच्या छडीबरहुकूम यंत्र चालेल अशी तजवीज करविली. यंत्राला ताबेदार ठेवून मान देण्याचा हा प्रकार मोठा सुसंस्कृत म्हणावयाचा.

‘देहावाचून गाणे कसले?’ ही हरकत अंधेरीच्या ध्वनिमुद्रणगृहांच्या छायेत राहणाऱ्या माणसाने तरी घेऊ नये. चेहरा एकीचा आणि कंठ दुसरीचा हा व्यवहार आपण पार्श्वगायनात पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार मान्य केला आहे. फरक इतकाच की, आपण ‘लताबाईंचे गाणे’ म्हणतो आणि रचनाकार पुष्कळदा विस्मृतीत बेदखल होतो. तिकडे गायिका सर्वांचीच एक असल्यामुळे श्रोता पहिल्याप्रथम रचणारा कोण हेच विचारतो. ‘हाची’ या नावाने ‘मात्र्योश्का’ रचणारा योनेझु केन्शी आज जपानचा अग्रगण्य गायक आहे, तो याच पाठशाळेतून आला.

अलीकडचा मामला मला तितका रुचत नाही. २०२२ पासून वोकॅलॉइडमध्येही कृत्रिम बुद्धिमत्ता आली. थट्टेखातर २००८ मध्ये जन्मलेल्या कासाने तेतो या यंत्रगायिकेलाही २०२३ मध्ये नवा, सफाईदार कंठ मिळाला. हे आवाज माणसासारखे उसासतात, आणि जितके माणसासारखे होतात तितके सामान्य होतात. मिकु-तेतोचे २०२४ चे ‘मेस्मरायझर’ रंजक आहे, एवढेच. नव्या श्रोत्यास माझी विनंती अशी की, त्याने आरंभ ‘रोलिंग गर्ल’पासून करावा, मग ‘मात्र्योश्का’ ऐकावे, आणि एखाद्या निवांत रविवारी, भाषा कळत नाही ही सबब तहकूब ठेवून, तोमितांची सिम्फनी आरंभापासून अखेरपर्यंत सलग ऐकावी.