‘हाऊसफुल्ल’ची पाटी आणि वर्षाच्या 365 रात्री

मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरातल्याच चार-पाच खोल्या पर्यटकांना देऊन संसार चालवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. धंदा कसा चाललाय असं विचारलं, की उत्तर येतं, ‘शनिवारी खोली मिळत नाही बघा.’ आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘कर्ज काढून आणखी दोन खोल्या बांधाव्यात का?’ आज आपण हाच प्रश्न सोडवायला घेऊ.

आधी मागणीचा आकार समजून घेऊ. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, 2023 च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली. येण्याच्या वाटा वाढल्या. पण जो लवकर पोचतो, तो लवकर परतूही शकतो. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी कामावर हजर होणारं गिऱ्हाईक दोनच रात्री राहतं.

त्यात पावसाळा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, त्यामुळे किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळही बंद. पावसातली गर्दी आंबोलीच्या धबधब्याकडे वळते, आणि तीही बरीचशी सकाळी येऊन संध्याकाळी परतणारी. गणपतीत तर गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते, पण चाकरमानी स्वतःच्या घरी उतरतो. तो खोली घेत नाही. म्हणजे गर्दी दिसली म्हणून खोल्यांना मागणी आहे, असं समजायचं नाही.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, तुम्ही तिथे आपले घाला. ऑक्टोबर ते मे असे साधारण 35 आठवडे, आठवड्याला दोन रात्री, म्हणजे 70. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी यांच्या आणखी 40 धरू. एकूण 110 रात्री घर भरलेलं. वर्षाच्या 365 रात्रींत हे प्रमाण 30 टक्के होतं. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लावणारं घर उरलेल्या 255 रात्री रिकामं किंवा अर्धवट भरलेलं असू शकतं.

समजा, दोन खोल्यांसाठी 12 लाखांचं कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के, मुदत सात वर्षं. हप्ता बसतो महिन्याला सुमारे 20 हजार, वर्षाला 2 लाख 40 हजार. खोलीचं भाडं 2,000 रुपये. त्यातून धुलाई, वीज, मदतनीस, साइटवरून बुकिंग आलं तर तिचं कमिशन, दुरुस्ती असं सगळं वजा करून 1,000 हातात राहिले असं धरू. 110 रात्री दोन्ही खोल्या भरल्या, तर शिल्लक 2 लाख 20 हजार. हप्ता सुटतच नाही! प्रत्येक नवी खोली किमान 120 रात्री भरली तरच बरोबरी. आणि हप्त्याला पावसाळ्याची सुट्टी नसते, हे विसरू नका. जुलैतही तो भरावाच लागतो, गहाण बहुधा राहतं घरच असतं.

दुसरी वाट बघा. आहेत त्याच पाच खोल्यांपैकी तीन, मधल्या वारी, वर्षात 40 रात्री जास्त भरल्या. भाडं उतरवून 1,500 केलं, खर्च 500 धरला. 120 खोली-रात्रींचे 1 लाख 20 हजार हातात, आणि कर्ज शून्य.

मधल्या वारी येणार कोण? ज्याला रविवारची वाट बघावी लागत नाही तो. निवृत्त जोडपी, लॅपटॉपवर काम करणारी मंडळी, शाळांच्या सहली, अभ्यासगट. यातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी लागतं. कोणाला जिने नकोत, कोणाला चांगलं इंटरनेट आणि टेबल-खुर्ची हवी. तो खर्च काही हजारांतला, लाखांतला नव्हे.

गिऱ्हाइकाची ठरवण्याची वेळही बदलतेय. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 दिवसांऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं. त्यामुळे रेल्वेनं येणाऱ्याचा बेत पक्का होतो तो उशिरा. दोन महिने आधी वही रिकामी दिसली म्हणून घाबरून भाव पाडायची घाई नको.

करांचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. शेजारच्या नोंदणीकृत हॉटेलची 2,000 ची खोली 2,240 ला पडायची, ती 2,100 ला पडू लागली. उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यानं ज्यांची नोंदणीच नाही, त्यांच्याकडे थेट येणाऱ्या गिऱ्हाइकाला हा कर आधीही नव्हता. म्हणजे स्वस्ताईतला त्यांचा फायदा आता कमी झाला.

मग खोल्या बांधायच्याच नाहीत का? तसं आम्ही म्हणत नाही. एक वर्ष साधी वही ठेवा. कोणती खोली कोणत्या रात्री भरली, गिऱ्हाईक कुठून आलं, किती दिवस आधी फोन केला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा नाही म्हणून किती जणांना परत पाठवलं. परत पाठवलेल्यांनी नव्या दोन्ही खोल्या 120 पेक्षा बऱ्याच जास्त रात्री भरत असतील, तर खुशाल बँकेत जा. नसतील, तर आधी मंगळवार-बुधवार भरायच्या मागे लागा.