माझी तीन गाणी

‘तुझं आवडतं गाणं कोणतं?’ असं कुणी विचारलं, की आपण पटकन उत्तर देतो. पण ‘का आवडतं?’ असं विचारलं, की डोकं खाजवायला लागतो! मला गाण्यांचं भारी वेड. म्हणून म्हटलं, आज माझ्या तीन गाण्यांपुरतं तरी या ‘का’चं उत्तर शोधू या.

पहिलं गाणं तुम्हांलाही पाठ असणार – ‘नाच रे मोरा’. ते १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातलं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, आवाज आशा भोसले यांचा. आणि चाल? ती चक्क पु. ल. देशपांडे यांची! आपल्याला खदखदून हसवणारे पु. ल. पेटीही छान वाजवत. बालवाडीतल्या चिमुरड्यालाही म्हणता येईल अशी ही चाल. तरी मोठ्यांनाही तिचा कंटाळा येत नाही. सोपं आणि सुंदर एकत्र कसं असतं, ते मला या गाण्यानं शिकवलं.

दुसरं गाणं ‘गीतरामायणा’तलं. १९५५ साली रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ही मालिका सुरू झाली. गीतं माडगूळकरांचीच, चाली सुधीर फडके यांच्या. दर आठवड्याला नवं गाणं लिहायचं, चाल लावायची, तालीम करायची, की लगेच पुढचं! वर्षाची ५२ गाणी ठरली होती. त्यात अधिक महिना आला आणि झाली ५६! त्यातलं, राम भरताची समजूत घालतो ते गाणं माझं लाडकं. मी सातवीत असताना बाबांची नोकरी गेली. त्या दिवसांत संध्याकाळी ते हेच गाणं गुणगुणत. मला अर्थ पुरता कळत नसे. पण बाबा गाताहेत म्हणजे होईल सगळं ठीक, एवढं कळायचं.

तिसरं गाणं मात्र कुठल्याही दुकानात मिळायचं नाही. ती आहे माझ्या आजीची जात्यावरची ओवी. पूर्वी बायका पहाटे दळता दळता ओव्या गात – माहेराच्या, भावाच्या, लेकरांच्या, विठ्ठलाच्या. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओव्याही मागे पडल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, म्हणून तेवढ्या तरी वाचल्या. माझ्या आजीच्या अकरा ओव्या मी तिच्याकडून वहीत उतरवून घेतल्या. त्यांतल्या एकीत तिनं माझं नाव गुंफलंय. आता आजी नाही, वही आहे.

तुमच्याही घरात कुणाला तरी एखादी ओवी, अंगाई, भोंडल्याचं नाहीतर पेरणीचं गाणं येत असेल. ते म्हणायला सांगा, लिहून घ्या, आणि ते कुणाकडून शिकलात, हेही विचारा. मग, आज विचारणार ना?