घरबसल्या मतदान : सोय आणि विश्वास

व्यवहार विश्वासावर चालतो, हे व्यापारी माणसास निराळे सांगावयास नको. बेळगाव-निपाणी भागातील आपल्या पेढ्यांवर आज मोठमोठ्या रकमांची देणीघेणी मोबाईलवरून क्षणार्धात पुरी होतात. मग मतदानासाठीच उन्हात रांगेत का उभे राहावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. हिंडलग्यासारख्या गावातील ज्या घरची मुले पोटापाण्यासाठी पुणे, मुंबई किंवा गोव्यास गेली आहेत, त्यांना तर तो अधिकच पटेल. कारण नाव गावच्या यादीत आणि माणूस परगावी! प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचा विचार नीट झाला पाहिजे.

इंटरनेटद्वारे मत देणे आपणांस अगदीच अपरिचित नाही. 2013 च्या कंपनी कायद्याखालील नियमांनुसार शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना भागधारकांसाठी ही सोय ठेवावी लागते. परंतु तेथे मताचे वजन शेअरांच्या संख्येवर ठरते आणि कोणाचे किती शेअर हे नोंदवहीत लिहिलेले असते. लोकसभेच्या निवडणुकीत प्रत्येकाचे मत एकच, आणि तेही गुप्त. सारी अडचण या गुप्ततेतून उत्पन्न होते.

बँकेतून चुकीची रक्कम वळती झाली, तर ती खातेउताऱ्यात दिसते. तक्रार करता येते, उलट नोंद घालून हिशेब जुळविता येतो. मताचे तसे नाही. मतदार आणि मत यांमधील धागा तोडावाच लागतो. आणि तो तुटल्यावर चूक कोणाच्या खाती झाली हे शोधणे कठीण. गुप्तदानाच्या पेटीतील नोट कोणाची हे मागाहून ओळखता येत नाही, तसाच हा प्रकार. मात्र पेटी चारचौघांच्या देखत उघडून मोजता येते. सर्व्हरच्या पोटात काय चालले आहे ते सामान्य माणसाने कसे पाहावे? दुसरी अडचण घरातलीच. मतदान केंद्राच्या आडोशात मतदार एकटा असतो. घरी मोबाईल हाती घेताना शेजारी दडपण आणणारा कोणी उभा नाही, याची हमी कोण देणार?

परदेशांचे अनुभव बोधप्रद आहेत. एस्टोनिया या छोट्या देशाने 2005 मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी शेकडा दोघांनीही ती वापरली नाही. 2023 च्या संसदीय निवडणुकीत मात्र निम्म्याहून अधिक मते इंटरनेटवरून पडली. तेथे मुदतीत पुन्हा मत देता येते व शेवटचे तेवढे धरले जाते. त्यामुळे दडपणाखाली दिलेले मत बदलता येते. याउलट नॉर्वेने 2011 व 2013 मध्ये प्रयोग करून 2014 मध्ये तो थांबविला. मत गुप्त राहील की नाही ही लोकांची शंका हे त्याचे एक कारण होते. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने 2010 मध्ये अशी व्यवस्था चाचणीसाठी खुली केली, तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या चमूने दोन दिवसांत तिचा ताबा मिळविला.

आपल्या देशात गुजरातने 2010 मध्ये महानगरपालिकांसाठी हा मार्ग चोखाळला. बिहारमध्ये 28 जून 2025 रोजी काही नगरपालिका निवडणुकांत मोबाईलवरून मतदान झाले. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये परगावच्या मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. ते इंटरनेटशी जोडलेले नव्हते. तरीही अनेक पक्षांनी शंका घेतल्या.

लोकमताचा कल आपल्या आसपासही दिसतो. डिसेंबर 2024 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या काही ग्रामस्थांनी यंत्रावरील निकाल पडताळण्यासाठी कागदी मतपत्रिकांवर स्वतःच मतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने ते होऊ दिले नाही. 2025 च्या सप्टेंबरात कर्नाटक मंत्रिमंडळाने स्थानिक निवडणुका मतपत्रिकेवर घ्याव्यात अशी शिफारस केली. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी अमान्य केली होती. आपल्या बेळगाव मतदारसंघात 1996 साली सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी साडेचारशेंवर उमेदवार उभे राहिले होते. जेथे निवडणुकीशी भावना इतकी निगडित आहे, तेथे हरलेल्या पक्षालाही मोजणी खरी वाटली पाहिजे. सोय ही त्यानंतरची गोष्ट होय.

तोवर आपल्या हाती काहीच नाही असे मात्र नव्हे. कायमचे परगावी राहणाऱ्यांनी नमुना 8 भरून तेथील यादीत नाव नेता येते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत 85 वर्षांवरील वृद्धांस व 40 टक्के अपंगत्व असलेल्यांस घरून टपाली मत देण्याची सोय होती. आणि व्यापारी म्हणून आपले एक कर्तव्यच आहे : 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी नोकरवर्गास पगारी सुटी दिली पाहिजे. दुकानातील गुमास्ता, वखारीतील हमाल यांचे मत आपल्या मताइतक्याच मोलाचे आहे. सभासद बंधूंनी त्या दिवशी त्यांना आठवणीने मोकळीक द्यावी, ही विनंती.