करमत नाही

शेवटचं ताट मोरीत पडतं आणि मेसमधला आवाज बदलतो. दीडशे पोरांचा कलकलाट ओसरून आता नुसता नळाचा आणि ताटं एकावर एक रचल्याचा आवाज उरला आहे. मावशी ओल्या फडक्यानं टेबल पुसतात, फडकं पिळतात, पुढच्या टेबलाकडे सरकतात. आमटीचा वास अजून हवेत आहे. बाहेर पुण्याचा ऑगस्टमधला पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही.

मी भिंतीकडेच्या बाकावर बसलो आहे. मुलांची इमारत डावीकडे, मुलींची उजवीकडे आणि मधे ही सामाईक मेस. दारावर स्केचपेननं लिहिलेला कागद आहे : ‘रूममेटची काळजी. रात्री ९.१५. सर्वांनी यावे.’ पंचवीस जणांनी नावं दिली होती, आले आहेत सतरा. त्यातले तिघे अजून ताक पीत आहेत. एक मुलगी उशी घेऊन आली आहे, का ते तिलाच ठाऊक.

समुपदेशक मॅडम भिजलेला रेनकोट दाराच्या कडीला अडकवतात. कॉलेजात त्यांची खोली आधी शिष्यवृत्तीच्या खिडकीला लागून होती. खिडकीपुढे कायम रांग, आणि रांगेत वर्गातली ओळखीची तोंडं. आत शिरणारा मुलगा बाहेर येताना कोणी न विचारताच सांगायचा, “प्रिंट काढायला गेलो होतो.” वर्षभर अर्ज करून मॅडमनी खोली बदलून घेतली. आता ती ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला आहे आणि तिला दोन दारं आहेत. एका दारानं जायचं, दुसऱ्यानं निघायचं. तेव्हापासून मुलं यायला लागली, असं त्या मला चहा पिताना सांगत होत्या. मला ही साधी गोष्ट फार मोठी वाटते. केंद्र उघडलं, उद्घाटन झालं, फोटो छापून आला, पण दार कुठे आहे हे कोणी पाहिलं नाही, असं किती ठिकाणी असेल.

मेसच्या फळ्यावर उद्याचा बेत लिहिला आहे : मटकीची उसळ, पोळी, भात, ताक. मॅडम फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसतात आणि खडू हातात घेऊन वळतात.

“तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे, मन बरं नसलं की काय म्हणतात? पुस्तकातलं सांगू नका.”

कोणी बोलत नाही. मग मागून येतं, “टेन्शन.” “डोक्याला शॉट.” थोडं हसू होतं आणि त्या हसण्यानं वाट मोकळी होते. “जीव खालीवर होतो.” “घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं.” “झोप उडते.” साक्रीची मुलगी उशी मांडीवर घट्ट धरून म्हणते, “माले करमस नही.” वर्ध्याचा एक जण लगेच, “आमच्याकडं मले करमत नाही म्हणतेत.” कुडाळचा मुलगा हात वर करतो, “माका करमणा नाय.”

मॅडम लिहिताना थांबतात. मग मोठ्या अक्षरांत लिहितात, करमत नाही, आणि भोवती गोल काढतात. पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं त्यांच्यासमोर बसली की याच शब्दानं सुरुवात करतात, असं त्या सांगतात.

मी त्या गोलाकडे बघत राहतो. चांगला शब्द आहे हा. यात कोणावर आरोप नाही, कारण सांगायची सक्ती नाही. ‘मला डिप्रेशन आलंय’ म्हणायला धाडस लागतं, घरी फोनवर तर फारच. ‘करमत नाही’ आईला सांगता येतं, वॉचमनकाकांनाही सांगता येतं. पण शब्द हलका आहे म्हणून ऐकणाराही तो हलक्यानंच घेतो. होईल सवय. सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं. आणि फोन ठेवला जातो.

“नव्या जागी करमत नाही, हा आजार नाही,” मॅडम म्हणतात. “पण पंधरा दिवस झाले, महिना झाला, आणि ते कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, तर थांबून बघायचं.” डॉक्टर तपासणीसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, तीही गेल्या दोन आठवड्यांबद्दलच विचारते : झोप, भूक, थकवा, कशातच रस न वाटणं, लक्ष न लागणं, स्वतःविषयी वाईट वाटणं. रूममेटला प्रश्नावली लागत नाही, त्या म्हणतात, त्याला दिसतंच. दोन-दोन दिवस अंघोळ नाही. रात्री तीनला मोबाइलचा उजेड. आवडता हेडफोन देऊन टाकला. ‘घरच्यांवर माझं ओझं झालंय’ हे वाक्य सहज बोलल्यासारखं दोनदा आलं. लेक्चरला येणं बंद.

लेक्चरला येणं बंद. मी अठ्ठावीस वर्षं वर्गात शिकवलं. एका मुलाच्या नावापुढे मी ओळीनं एकोणीस दिवस ‘गै’ लिहिलं होतं. नीट, एकापुढे एक रकान्यांत. विसाव्या दिवशी कळलं, त्यानं खोली सोडली, शिक्षण सोडलं आणि तो गावी गेला. त्या एकोणीस दिवसांत तो खोलीबाहेर पडलेला नव्हता. माझ्याकडे त्याचा नंबर होता. आज मी या बाकावर बसलोय तो त्या रकान्यांमुळे.

आता मॅडम दोघांना पुढे बोलावतात. एक तिसऱ्या वर्षाचा, मेकॅनिकलचा, दांडगा, बोलका. दुसरा सडसडीत, दुसऱ्या वर्षाचा. सडसडीत मुलानं असं दाखवायचंय की चार विषय राहिलेत, वायडी बसणार म्हणजे वर्ष वाया जाणार, घरी सांगितलेलं नाही. दोघे समोरासमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसतात.

“काय रे, काय झालं?”

“काही नाही. बॅक राहिलेत चार.”

“भावा, लोड घेऊ नको. माझे पाच होते. निघतात सगळे.”

टाळ्या. मेकॅनिकलवाला वळून सगळ्यांना नमस्कार करतो. मॅडम सडसडीत मुलाला विचारतात, “आता तू पुढे काय बोलशील?”

तो विचार करतो. “काही नाही. हो म्हणेन.”

“का?”

“म्हणजे, त्यानं संपवलं ना ते. निघतात म्हणाला. आता मी काय बोलणार?”

मेस गप्प होते. मेकॅनिकलवाल्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. त्यानं प्रेमानंच म्हटलं होतं आणि ते सगळ्यांना माहीत आहे. मॅडम त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. परत एकदा, या वेळी सल्ला द्यायचा नाही. त्याला जमत नाही. “मग बोलू काय?” तो खरंच अडला आहे. तिसऱ्या खेपेला तो नुसतं विचारतो, “घरी कोणाची जास्त भीती वाटते?” आणि समोरचा मुलगा नाटकातच, पण वेगळ्याच आवाजात बोलायला लागतो. वडिलांनी कर्ज काढलंय. बहिणीचं शिक्षण थांबवलंय. तो बोलतो, मेकॅनिकलवाला खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि ऐकतो. नळ बंद झालेला आहे. कधी झाला कोणास ठाऊक.

मग येतो तो प्रश्न. मॅडम आवाज न बदलता सांगतात, “शंका आली तर सरळ विचारायचं. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? याच शब्दांत. आडून विचारलं की समोरचाही आडूनच उत्तर देतो.”

उशीवाली मुलगी विचारते, “पण मॅडम, विचारल्यामुळेच त्याच्या डोक्यात आलं तर?”

“तसं होत नाही. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट आपलं कोणीतरी ओळखलं म्हणून माणूस सुटल्यासारखा होतो.” आणि उत्तर हो आलं तर? त्याला एकटं सोडायचं नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, मागितलं तरी नाही. रेक्टरांना उठवायचं, मॅडमना फोन करायचा, वेळ बघायची नाही. “तुम्ही उपचार करणारे नाही. तुम्ही त्याच्याजवळ बसायचं आणि त्याला आमच्यापर्यंत आणायचं, एवढंच तुमचं काम.”

“पोलीस केस होते ना?” ताकवाल्या तिघांपैकी एकाचा प्रश्न. ही भीती अजून आहे आणि तिच्यापायी मुलं लपवतात. मॅडम समजावतात : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे, ज्यानं असा प्रयत्न केला तो तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत राहिलेलंच नाही. “शिक्षा नाही, उपचार,” त्या म्हणतात. तो मुलगा हे मोबाइलमध्ये टिपून घेतो.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल सांगतो. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. रोज जवळपास पाच. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. हवाच. पण या कॉलेजात दोन हजारांवर मुलं आहेत आणि मॅडम एकट्या, त्याही आठवड्यातून तीन दिवस. एक माणूस नेमला की नियम पाळला जातो, मुलं मात्र तेवढ्यानं सांभाळली जात नाहीत. म्हणूनच रात्री सव्वानऊला, पगारात न धरलेल्या वेळात, त्या इथे उभ्या आहेत.

“फोन काढा,” त्या म्हणतात. “एक चार चार एक सहा. टेली-मानस.” ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. सतरा अंगठे चालू होतात. मी उशीवालीच्या पडद्यावर डोकावतो. तिनं नावाच्या जागी लिहिलंय, ‘धुळ्याची मामी’. माझ्याकडे बघून ती हळूच सांगते, “घरी भाऊ फोन तपासतो.”

दहा वाजून गेले. मुलं पांगतात. मॅडम फळा पुसायला वळतात, ‘करमत नाही’वरून डस्टर फिरवतात, उसळ तशीच ठेवतात. तेवढ्यात मावशी जवळ येतात. मघापासून त्या शेवटचं टेबल पुसत होत्या. ते टेबल केव्हाच कोरडं झालेलं मी पाहिलं होतं.

“मॅडम, एक बोलू का? तिसऱ्या मजल्याव एक पोरगं हाय. चष्मेवालं, पहिल्या वर्साचं. चार-पाच दिस झालं, नुसता भात घ्यायचा नि तसाच टाकून जायचा. काल आलं न्हाई. आज बी न्हाई. मी म्हनलं गावाला गेलं आसंल. पन झाडूवाली म्हनती, चपला दारातच हायेत.”

मॅडमच्या हातातलं डस्टर थांबतं.

आज सगळ्यांना बोलावलं, त्यात मावशींना कोणी बोलावलं नव्हतं. पुण्यात पूर्वी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. त्या रीतीत जात होती, मिंधेपण होतं, ती परत यावी असं मी म्हणणार नाही. पण मंगळवारचा मुलगा मंगळवारी आला नाही की त्या घरात कळायचं. पुढे साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं आणि मुलांच्या जेवणापायी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. कोणाच्या पोटात काय गेलं, हे वाढणाऱ्या बाईला नेहमीच ठाऊक असतं. तिला विचारलं जात नाही, एवढंच.

मॅडम रेक्टरांना फोन लावतात. मग दारातून मेकॅनिकलवाल्याला परत हाक मारतात. तोही तिसऱ्या मजल्यावरच राहतो.

“आधी तू जा. मी आणि रेक्टर सर जिन्याजवळ आहोत.”

तो घाबरला आहे. मघाचा रुबाब गेला आहे. “मॅडम, मी काय म्हणू?”

“दोन दिवस जेवायला आला नाहीस, मावशी विचारत होत्या. एवढंच म्हण. आणि मग थांब.”

तो ते वाक्य पुटपुटत पावसातून पलीकडे जातो, एकदा, दोनदा, पाठ केल्यासारखं. रेक्टर छत्री न उघडताच मागोमाग. मॅडमचा रेनकोट कडीलाच राहिला आहे.

मावशी मोठं पातेलं बाजूला सारतात, छोट्या कढईत भात काढून त्याला फोडणी देतात, वर झाकण ठेवतात. इथून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. कुठली त्याची, मला माहीत नाही. त्यांतल्या दोन उजळलेल्या आहेत, बाकी काळोख.

साडेदहाला मेसला कुलूप लागतं, तसा नियम आहे. आता पावणेअकरा. मावशी उंबऱ्यापाशी स्टूल टाकून बसल्या आहेत आणि कुलूप त्यांच्या मांडीवर आहे.